सनदेची किंमत : कॅलिफोर्नियातील रांचोंचा अस्त आणि त्यानंतरच्या पिढ्या

१८४८ ते १८८० ही बत्तीस वर्षे कॅलिफोर्नियाच्या इतिहासात सोन्याचा शोध, लोहमार्ग आणि शहरांची वाढ यांसाठी ओळखली जातात. याच काळात त्या प्रदेशातील स्पॅनिश भाषक जमीनदार कुटुंबांच्या हातून लक्षावधी एकर चराऊ जमीन निघून गेली, आणि या हानीचा भार ती प्रत्यक्ष सोसणाऱ्या पिढीपेक्षा तिच्या मुलानातवंडांवर अधिक पडला. यातील बरीचशी जमीन बळाने हिरावलेली नव्हती. बहुसंख्य कुटुंबांची मालकी अमेरिकी राजवटीच्या न्यायालयांनी अखेर मान्यच केली होती, परंतु मान्यतेची सनद हाती पडेपर्यंत जमिनीचा मोठा भाग सावकार, वकील आणि नवे खरेदीदार यांच्या नावावर चढलेला होता. मालकी सिद्ध झाली आणि मिळकत गेली, असे एकाच वेळी कसे घडले, हे समजून घ्यायचे तर रांचो, म्हणजे गुरांच्या पैदाशीसाठी दिलेली विस्तीर्ण जमीन, मुळात कशी निर्माण झाली होती तेथून आरंभ करावा लागतो.

स्पेनने १७६९ पासून आल्ता कॅलिफोर्निया, म्हणजे आजच्या कॅलिफोर्निया राज्याचा मुलूख, वसवण्यास सुरुवात केली, तेव्हा किनाऱ्यालगतची उत्तम जमीन फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी चालवलेल्या मिशनांकडे गेली. पुढे या मिशनांची संख्या २१ झाली. मिशन हे प्रार्थनास्थळ होते, तसेच ते शेत, गोठा आणि कारखानाही होते, आणि त्यातील सारे कष्ट बाप्तिस्मा दिलेल्या आदिवासींकडून करून घेतले जात. स्पॅनिश अमदानीत खासगी व्यक्तींना जमिनी क्वचितच मिळाल्या. १७८४ मध्ये गव्हर्नर पेद्रो फाहेस याने काही जुन्या सैनिकांना गुरे चारण्याची परवानगी दिली, आणि लॉस एंजेलिसच्या परिसरातील सॅन राफाएल व सॅन पेद्रो हे रांचो त्यातूनच जन्माला आले. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर १८२४ चा वसाहत कायदा आणि १८२८ चे नियम यांनुसार एका व्यक्तीस जास्तीत जास्त ११ चौरस लीग, म्हणजे सुमारे ४८,००० एकर, जमीन देण्याची मुभा गव्हर्नरांना मिळाली. १८३३ मध्ये मेक्सिकोच्या काँग्रेसने मिशनांची मालमत्ता धर्मगुरूंच्या ताब्यातून काढण्याचा कायदा केल्यानंतर पुढल्या बारा-तेरा वर्षांत शेकडो सनदा दिल्या गेल्या. मिशनांच्या मिळकतीचा निम्मा वाटा तेथे राबलेल्या आदिवासींना द्यावयाचा, असे १८३४ च्या आदेशात स्पष्ट म्हटले होते, परंतु तो फारच थोड्यांच्या पदरात पडला आणि ज्यांची ती भूमी होती तेच लोक नव्या रांचोंवर अन्नवस्त्राच्या मोबदल्यात राबणारे मजूर झाले. कॅलिफोर्निओ, म्हणजे कॅलिफोर्नियात रुजलेल्या या स्पॅनिश-मेक्सिकन समाजाच्या ऱ्हासाची कथा सांगताना ही पहिली हानी नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

सनद मिळवण्याची रीत त्या समाजाच्या गरजांना साजेशी होती. अर्जदार गव्हर्नरकडे विनंतीपत्र देई आणि त्यासोबत डिसेन्यो, म्हणजे हाताने काढलेला जमिनीचा कच्चा नकाशा, जोडी. त्यात टेकड्या, ओढे, एखादे मोठे ओकचे झाड, शेजारच्या रांचोची वाट एवढ्याच खुणा असत. स्थानिक अधिकारी जमीन मोकळी आहे की नाही याची चौकशी करी, मग सनद दिली जाई आणि शेवटी प्रत्यक्ष ताबा देण्याचा विधी होई. या विधीत सुमारे ५० वारा लांबीची, म्हणजे चाळीस-बेचाळीस मीटरची, कातड्याची दोरी दोन काठ्यांना बांधली जाई. एक स्वार काठी रोवून उभा राही, दुसरा घोडा दौडवत दोरी ताणून पुढे जाई, आणि असे आलटून पालटून करत शेजाऱ्यांच्या साक्षीने दिवसभरात मैलोगणती हद्द मोजली जाई. दोरी ओली असली की ताणली जाई, ओढ्याचे पात्र पावसाळ्यात सरके आणि कोपऱ्यावर खूण म्हणून ठेवलेली बैलाची कवटी काही वर्षांत दिसेनाशी होई. तरीही दहा-वीस एकरांच्या फरकावरून भांडावे इतकी जमिनीला किंमतच नव्हती आणि शेजारी एकमेकांचे सोयरे असत, त्यामुळे या ढिलाईने कोणाचे काही अडत नव्हते. पुढे हाच ढिलेपणा न्यायालयात पुराव्यातील दोष म्हणून मांडला गेला.

रांचोचे अर्थकारण कातडी आणि चरबी यांवर उभे होते. बॉस्टनची जहाजे केप हॉर्नला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या बंदरांत येत, कापड, भांडी, पादत्राणे, साखर असा माल उधारीवर देत आणि बदल्यात मेणबत्त्या व साबणासाठी चरबी आणि बुटांच्या कारखान्यांसाठी वाळवलेली कातडी उचलत. १८३० च्या दशकात अशाच एका जहाजावर खलाशी म्हणून आलेल्या रिचर्ड हेन्री डानाने १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या व्यापाराचे तपशीलवार चित्र आहे. एका कातड्याचा भाव दीड-दोन डॉलर असे, आणि नाणी दुर्मीळ असल्यामुळे कातडे हेच देण्याघेण्याचे साधन झाले होते. जमिनीवर कर नव्हता, कारण प्रांताचे सरकार मुख्यतः जकातीवर चाले. जमीन विकण्याची पद्धत जवळजवळ नव्हती आणि सावकारी कर्जाचा प्रश्नही उद्भवत नव्हता. वारसाहक्काच्या स्पॅनिश कायद्यानुसार मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा असे आणि विवाहानंतर कमावलेल्या मिळकतीत पत्नीचा निम्मा हिस्सा धरला जाई, पण वाटा ठरला तरी कुरण एकच राही आणि सर्वांची गुरे त्यावर एकत्र चरत. कुटुंबाची पत, विवाहसंबंध, गावातील मान, अडल्यानडल्याला मिळणारी मदत हे सारे त्या एकसंध कुरणाशी बांधलेले होते. व्यवस्था सधन होती, परंतु तिच्यात रोकड नव्हती. पुढच्या सर्व घटनांचे मूळ येथे आहे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे इदाल्गो येथे झालेल्या तहाने मेक्सिकोने आपला उत्तरेकडील प्रचंड प्रदेश अमेरिकेला दिला. तेथील मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेचा आदर राखला जाईल, असे वचन तहात होते. मेक्सिकोने दिलेल्या जमिनीच्या सनदा मेक्सिकन कायद्याने जितक्या वैध होत्या तितक्याच वैध मानल्या जातील, असे सांगणारे दहावे कलम मात्र अमेरिकी सिनेटने मंजुरी देताना गाळून टाकले. तहाच्या नऊ दिवस आधी, २४ जानेवारीला, सटरच्या गिरणीपाशी सोने सापडले होते आणि ज्या प्रदेशात आदिवासी वगळता जेमतेम चौदा-पंधरा हजार माणसे होती तेथे पुढच्या चार वर्षांत दोन लाखांहून अधिक लोक येऊन थडकले. खाणीत निराश झालेल्या या लोकांना जमीन हवी होती. एका कुटुंबाकडे चाळीस हजार एकर कुरण असावे ही कल्पना, १६० एकरांच्या शेतावर वाढलेल्या मिसूरी किंवा ओहायोच्या माणसाला, अन्यायाची वाटे. ती भावना समजण्यासारखी आहे, परंतु तिच्या दडपणाखाली जो कायदा झाला त्याचे समर्थन त्यामुळे होत नाही.

सिनेटर विल्यम ग्विन याने पुढे आणलेला ३ मार्च १८५१ चा जमीन कायदा वरवर पाहता तटस्थ होता. तीन सदस्यांचा आयोग नेमला जाईल, स्पॅनिश वा मेक्सिकन सनदेवर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाने दोन वर्षांच्या आत आयोगापुढे पुरावे मांडावेत आणि जो मुदतीत येणार नाही त्याची जमीन सरकारी समजली जाईल, असे त्याचे स्वरूप होते. यात सिद्धतेचा भार उलटा झाला. आजवर निर्विवाद मालक असलेल्या कुटुंबाला आपली मालकी पुन्हा पहिल्यापासून शाबीत करावी लागली, आणि तीही परक्या भाषेत, परक्या कार्यपद्धतीनुसार. आयोगाचे कामकाज जानेवारी १८५२ ते मार्च १८५६ या काळात बहुतांश सॅन फ्रान्सिस्कोत चालले. दक्षिणेतील जमीनदाराला साक्षीदार, कागद आणि दुभाषा घेऊन शेकडो मैल जावे लागे आणि तेथे महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. आयोगापुढे ८१३ दावे आले, त्यांपैकी ६०४ अखेर मान्य झाले, १९० फेटाळले गेले आणि बाकीचे मागे घेण्यात आले. मान्य दाव्यांचे क्षेत्र ८८ लाख एकरांच्या घरात होते. केवळ हे आकडे पाहिले तर कायद्याने न्याय केला असे वाटेल.

हा भ्रम दूर होतो तो कालावधीकडे पाहिल्यावर. आयोगाच्या निर्णयावर सरकारतर्फे जिल्हा न्यायालयात आणि तेथून वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात अपिले होत. त्यानंतर सरकारी मोजणी, मोजणीवरील हरकती, आणि शेवटी पेटंट, म्हणजे अध्यक्षांच्या नावे निघणारी अंतिम सनद. अमेरिकी जमीन-धोरणाचा अभ्यासक पॉल गेट्स याच्या संशोधनानुसार दावा दाखल केल्यापासून पेटंट मिळेपर्यंत सरासरी १७ वर्षे लागली. ही १७ वर्षे कुटुंबाला वकिलाची फी द्यावी लागे, आणि रोकड नसल्यामुळे ती जमिनीच्या हिश्श्याच्या रूपात दिली जाई. कित्येक करारांत वकिलाचा वाटा चौथाई किंवा त्याहून मोठा होता. मालकी संशयित असताना जमीन योग्य भावाने विकता येत नसे आणि रास्त व्याजाने कर्जही मिळत नसे, कर मात्र संशयित मालकालाच भरावा लागे. न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला तरी तो कुटुंबाला उपयोगी पडेल अशा वेळी दिला नाही, हे या प्रक्रियेचे खरे वैशिष्ट्य आहे.

याच काळात मालकी अनिश्चित आहे या आधारावर हजारो लोक रांचोंवर येऊन वसले. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेस लुईस मारिया पेराल्ता या सैनिकाला १८२० मध्ये मिळालेला रांचो सॅन आंतोनिओ सुमारे ४४,८०० एकरांचा होता, आणि १८४२ मध्ये त्याने तो चार मुलांत वाटून दिला होता. १८५० नंतर तेथे घुसलेल्या लोकांनी ओक आणि रेडवुडची झाडे तोडली, गुरे मारून मांस खाडीपलीकडच्या शहरात विकले आणि विसेंते पेराल्ताच्या हिश्श्यावर नगराची आखणी करून भूखंड विकायला काढले. ते नगर म्हणजे आजचे ओकलंड, ज्याला राज्य विधिमंडळाने १८५२ मध्ये, म्हणजे पेराल्तांच्या दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच, मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने १८५६ मध्ये पेराल्ता बंधूंचा हक्क कायम केला, पण काही हिश्श्यांची पेटंटे १८७० च्या दशकात निघाली. तोवर विक्री, तडजोडी, लहान-मोठे खटले आणि बहिणींनी वडिलांच्या वाटणीला दिलेले आव्हान यांत कुरणाचे शेकडो तुकडे झाले होते. आज बर्कली आणि ओकलंड ही शहरे ज्या भूमीवर उभी आहेत तिच्या मूल्यवाढीतला वाटा पेराल्तांच्या नातवंडांना मिळाला नाही.

दक्षिणेत घुसखोरी कमी होती. तेथे काम केले ते कर, व्याज आणि अवर्षण यांनी. सोन्याच्या खाणींमुळे पहिली काही वर्षे गुरांना कधी नव्हे तो भाव आला. ज्या जनावराची किंमत पूर्वी चार डॉलर होती ते खाणींच्या बाजारात ५० डॉलर आणि त्याहूनही अधिक किमतीला गेले, आणि रांचोवाल्यांच्या हाती प्रथमच रोकड खेळू लागली. परंतु मध्य-पश्चिमेकडून आणि टेक्ससमधून गुरांचे तांडे येऊ लागताच १८५६ च्या सुमारास भाव कोसळले. कराचा भारही विषम होता. खाणींची जमीन सरकारी असल्याने तिच्यावर मालमत्ता कर नव्हता आणि राज्याचा खर्च जमीनधारकांच्या माथी येई. १८५२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरनेच विधिमंडळाच्या नजरेस आणून दिले होते, की सुमारे सहा हजार वस्तीच्या सहा दक्षिणी गुरांच्या परगण्यांनी ४२,००० डॉलर मालमत्ता कर भरला, तर सुमारे एक लाख वीस हजार वस्तीच्या बारा खाण-परगण्यांनी २१,००० डॉलर. उत्पन्न असो वा नसो, कर रोखीत द्यावयाचा होता, आणि रोकड मिळण्याचे एकच ठिकाण उरले होते, ते म्हणजे सावकार.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने व्याजावर कमाल मर्यादा घातली नव्हती. लेखी करार असला की कोणताही दर चालत असे, आणि मालकी संशयित असलेल्या जमिनीवर महिन्याला तीन ते पाच टक्के हा रूढ दर होता. हे व्याज थकले की मुद्दलात मिळवले जाई. सॅन राफाएल रांचोचे उदाहरण अशा कर्जाची गती दाखवण्यास पुरेसे आहे. होसे मारिया वेर्दूगोला १७८४ मध्ये मिळालेला सुमारे ३६,००० एकरांचा हा रांचो त्याच्या हुलिओ आणि कातालिना या मुलांकडे आला होता. १८६१ मध्ये हुलिओने घराची दुरुस्ती, किराणा आणि कर यांसाठी ३,४४५ डॉलरचे गहाणखत केले. दर होता दरमहा तीन टक्के चक्रवाढ. या दराने रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते, चार वर्षांत चौपट आणि आठ वर्षांत सतरापट. १८६९ मध्ये देणे ५८,७५० डॉलर झाले होते. जमिनीचा लिलाव झाला, आणि मग १८७१ मध्ये न्यायालयाने उरल्यासुरल्या सहहिस्सेदारांसह सर्व दावेदारांत रांचोची वाटणी केली. ३१ तुकडे आणि २८ मालक, ज्यांत लिलावात जमीन घेणाऱ्या वकिलांचा वाटा मोठा होता. आजचे ग्लेनडेल आणि बरबँकचा काही भाग याच जमिनीवर आहे. मूळ रक्कम कोणत्याही अर्थाने उधळपट्टीची नव्हती, एवढे मोठे घर चालवणाऱ्या कुटुंबाचा तो सामान्य खर्च होता.

अवर्षणाने उरलेले काम पुरे केले. १८६१-६२ च्या हिवाळ्यातील महापुरांमागोमाग सलग दोन वर्षे पाऊस जवळजवळ पडलाच नाही, आणि १८६४ पर्यंत दक्षिणेची कुरणे मेलेल्या गुरांच्या सांगाड्यांनी भरली. लॉस एंजेलिस परगण्यात १८६० मध्ये सुमारे ७०,००० गुरे होती, ती दहा वर्षांनी २०,००० च्या आसपास उरली. हा घाला वंश पाहून पडला नाही. मॅसॅच्युसेट्समधून येऊन बांदिनी घराण्याचा जावई झालेला आणि दक्षिणेतील सर्वांत मोठा जमीनदार असलेला एबल स्टर्न्स हाही यात होरपळला आणि त्याचा लॉस आलामितोस रांचो गहाणात गेला. मात्र बाहेरून भांडवल आणू शकणाऱ्यांना हाच काळ सुगीचा ठरला. होसे आंद्रेस सेपुल्वेदाचा सुमारे ४८,८०० एकरांचा रांचो सॅन होआकिन १८६४ मध्ये फ्लिंट, बिक्सबी आणि आयर्विन या मंडळींनी १८,००० डॉलरला घेतला, म्हणजे एकरी सदतीस सेंटना. तीच जमीन पुढे आयर्विन रँचचा गाभा झाली आणि तिच्यावर विसाव्या शतकात आयर्विन हे शहर आणि विद्यापीठ उभे राहिले. सेपुल्वेदा घराण्याचे नाव लॉस एंजेलिसच्या एका लांबलचक रस्त्याला आहे.

जुन्या इतिहासलेखनात या ऱ्हासाचे कारण म्हणून कॅलिफोर्निओंच्या स्वभावाकडे बोट दाखवले जाई. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा, चांदीचे खोगीर, आठ-आठ दिवस चालणारी लग्ने, हिशेबाचा कंटाळा, ही त्यातली नेहमीची यादी. यात काहीच तथ्य नाही असे नाही. पैजांमध्ये पैसा घालवणारे जमीनदार होते, आणि मेक्सिकन कॅलिफोर्नियाचा शेवटचा गव्हर्नर पीओ पीको त्यांपैकी एक होता. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे, आणि हरलेल्यांच्या माथी हार मारून मोकळे होण्याची त्यात सोय आहे. हुआना ब्रिओनेस या लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीने स्वतः विकत घेतलेला रांचो चांगला वकील करून वर्षानुवर्षे लढवला आणि राखलाही. उलट मारिआनो ग्वादालूपे वायेहो हा ग्रंथसंग्राहक, १८४९ च्या राज्यघटना परिषदेचा सभासद आणि अमेरिकी राजवटीचा उघड पुरस्कर्ता होता, तरीही सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये त्याचा सोस्कोल रांचोवरील दावा फेटाळला आणि १८९० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे सोनोमातील राहते घर आणि भोवतालची थोडी जमीन एवढेच राहिले होते. शहाणपण आणि उधळेपणा यांची वाटणी जमीन राखणाऱ्यांत व गमावणाऱ्यांत इतक्या सोईस्करपणे झालेली नव्हती.

जमीन गमावल्याचा परिणाम पिढीगणिक बदलत गेला. ज्याने गमावली त्या माणसाकडे निदान नाव, ओळखी आणि कधी एखादे राहते घर उरले. त्याच्या मुलांकडे तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते. ज्या काळात कॅलिफोर्नियात गहू, द्राक्षे आणि संत्री यांत भांडवल गुंतवून लोक श्रीमंत होत होते त्या काळात त्यांना बियाण्यापुरतेही कर्ज मिळेना. त्यांच्याजवळ असलेले कौशल्य घोड्यावरून गुरे राखण्याचे होते, आणि पिकांचे नुकसान झाल्यास गुरांच्या मालकाला जबाबदार धरणारे कायदे १८७० च्या दशकात आल्यावर मोकळ्या कुरणांचा धंदाच आटोपला. मग वडिलांच्या कुरणावर दुसऱ्याने आणलेल्या मेंढ्यांची लोकर हंगामी टोळीत जाऊन कातरणे, फळबागेत मजुरी करणे किंवा लोहमार्गावर कामाला जाणे हे मार्ग उरले. इतिहासकार आल्बर्ट कामारिओ याने सांता बार्बरा आणि रिचर्ड ग्रिस्वोल्ड देल कास्तिओ याने लॉस एंजेलिस येथील जनगणनेच्या नोंदींवरून हा घसरणीचा आलेख मांडला आहे. लॉस एंजेलिसमध्ये १८५० साली मेक्सिकन कुटुंबप्रमुखांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे स्थावर मिळकत होती, आणि वीस वर्षांत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आले.

सर्वांत मोठी हानी मात्र त्या वेळी दिसणारी नव्हती. जमीन गेली ती तिचा भाव नीचांकी असताना. १८७६ मध्ये सदर्न पॅसिफिकचा आणि १८८५ मध्ये सांता फेचा लोहमार्ग लॉस एंजेलिसला पोचल्यावर दोन कंपन्यांच्या भाडेयुद्धामुळे लोकांची रीघ लागली आणि जमिनीचे भाव पेटले, मग पाणी आले, मग तेल सापडले, मग उपनगरे पसरली. या प्रत्येक टप्प्यावर मूल्यवाढ झाली ती त्या घटकेच्या मालकाकडे गेली. पीको बंधूंच्या सांता मार्गारिता रांचोची गोष्ट पाहण्यासारखी आहे. १८६४ मध्ये पीओ पीकोने तो कर्जफेडीच्या बदल्यात मेव्हणा जॉन फॉर्स्टरकडे सोपवला. आपण निम्माच हिस्सा दिला होता आणि इंग्रजीतला कागद आपल्याला वाचता येत नव्हता, हे पीकोचे म्हणणे १८७३ च्या खटल्यात टिकले नाही. १८४२ च्या सुमारास ज्या जमिनीला बाजारभावच नव्हता तीच १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने सुमारे ४२ लाख डॉलरना घेतली, आणि आज तेथे कॅम्प पेंडलटन हा लष्करी तळ आहे. पीकोची उरलेली मिळकत १८८३ च्या आणखी एका इंग्रजी दस्ताने गेली, ज्याला तो गहाणखत समजत होता आणि न्यायालयाने १८९१ मध्ये विक्री मानले. १८९४ मध्ये तो निर्धन अवस्थेत वारला.

जमिनीबरोबर सार्वजनिक आवाजही क्षीण झाला. १८४९ च्या राज्यघटनेने सर्व कायदे स्पॅनिशमध्येही छापण्याची हमी दिली होती. १८७९ च्या नव्या राज्यघटनेने ती काढून घेतली, आणि तोवर तिला विरोध करू शकेल असा सधन स्पॅनिश भाषक वर्ग विधिमंडळात उरला नव्हता. मारिया आम्पारो रुइझ दे बर्टन या लेखिकेने १८८५ मध्ये याच विषयावर इंग्रजीत कादंबरी लिहून प्रसिद्ध केली. स्वतःच्या हामूल रांचोसाठी तिचे खटले चालूच होते आणि १८९५ मध्ये शिकागोत तिचा मृत्यू झाला तेव्हा ती हलाखीत होती.

हानीचे खरे माप ज्यांनी जमीन राखली त्यांच्याशी तुलना केली की कळते. सॅन पेद्रो रांचोचा मालक मान्वेल दोमिंगेझ याला १८५८ मध्येच, म्हणजे सरासरीपेक्षा कितीतरी लवकर आणि अवर्षणाच्या आधी, ४३,११९ एकरांचे पेटंट मिळाले. बंदरालगतची काही जमीन त्याने १८५४ मध्ये विकून रोकड उभी केली होती. अंगात आदिवासी रक्त आहे या कारणावरून १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने, राज्यघटनेवर सही करणाऱ्या या माणसाची साक्ष नाकारली होती, तरीही सनद हाती असल्यामुळे त्याची जमीन टिकली. १८८२ मध्ये तो वारल्यावर ती सहा मुलींकडे गेली, १९२० च्या दशकात तिच्याखाली तेल सापडले, आणि मुलींच्या वंशजांनी स्थापन केलेल्या कंपन्यांपैकी वॉटसन लँड कंपनी औद्योगिक भूखंड भाड्याने देण्याचा व्यवसाय एकविसाव्या शतकातही करते. वेर्दूगो आणि दोमिंगेझ या दोन्ही घराण्यांना जमीन एकाच वर्षी, एकाच गव्हर्नरकडून मिळाली होती. एकाच्या वाट्याला तीन टक्के व्याज आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला वेळेवर सनद.

१८५१ च्या कायद्याचा अखेरचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत लावला. १८८९ मध्ये बोतियेर विरुद्ध दोमिंगेझ या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की मेक्सिकन कायद्याने परिपूर्ण असलेली मालकीसुद्धा आयोगापुढे मुदतीत मांडली नसेल तर शून्य होय. लास विरहेनेस रांचो १८३४ पासून ताब्यात असूनही तो हक्क बुडाला. १९०१ मध्ये बार्कर विरुद्ध हार्वी या खटल्यात हेच तत्त्व वॉर्नर रँचवरील क्युपेन्यो आदिवासींना लावले गेले. रांचो, मिशन आणि स्पेनचे राज्य यांच्याही आधीपासून ते तेथील उष्ण झऱ्यांपाशी राहत होते, परंतु १८५३ पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोतील आयोगापुढे त्यांनी दावा दाखल केला नव्हता. त्यांना तसे करावे लागेल हे कोणी सांगितलेही नव्हते. मे १९०३ मध्ये सरकारी गाड्यांतून त्यांना पाला येथे हलवण्यात आले. ज्या कायद्यापुढे अडाणी आणि सुशिक्षित, आदिवासी आणि गव्हर्नर सारेच हरले आणि जिंकलेल्यांनाही विजयाची किंमत जमिनीनेच मोजावी लागली, त्या कायद्याला मालकी तपासण्याची व्यवस्था म्हणता येत नाही. ती जमीन हस्तांतरित करण्याची व्यवस्था होती, आणि इतिहासाने तिची नोंद त्याच नावाने केली पाहिजे.